तिसऱ्या गिअरची थरथर

‘शार्दूल’ ही नवी गाडी चाचणीच्या धावपट्टीच्या चढाला लागली, मोटरचा आवाज टिपेला गेला आणि कौमुदी इंगवलेने क्लच दाबून दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकला. दांडा अर्ध्या वाटेपर्यंत अगदी हवा तसा आला. तिथून पुढे मात्र तो तिच्या तळहाताखाली बारीक थरथरला आणि मग खाचेत बसला.

“कसा वाटला?” कानातल्या यंत्रातून डॉ. फिरोज मुजावरांचा आवाज आला. ते खाली नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसले होते.

“छान,” कौमुदी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने ते एका शब्दात उरकलं.

गिअरची चव घेणं हे तिचं काम. कंपनीने तिला ‘स्पर्श-अभियंता’ असा भारदस्त हुद्दा दिला होता, पण कँटीनपासून संचालकांपर्यंत सगळे तिला ‘आमचा हात’ असंच म्हणत. विजेच्या गाडीला खरं तर गिअर लागतच नाहीत. पेट्रोल संपलं, गिअरपेट्या भंगारात गेल्या आणि गाडी चालवणं लिफ्टमध्ये उभं राहण्याइतकं सोपं झालं. मग माणसाच्या जातीला शोभेल असंच घडलं. सोय झाली तशी गैरसोयीची आठवण यायला लागली. वेगवान गाड्यांचे शौकीन म्हणू लागले, आम्हाला क्लच हवा, दांडा हवा, गिअर हाताने टाकल्याचं समाधान हवं.

मुजावरांनी त्यांच्यासाठी ‘प्रतिस्पर्श दांडा’ बनवला. त्याच्या तळाशी एकही दातेरी चाक नव्हतं. होत्या त्या चिमुकल्या मोटरी. त्या हाताला उलट जोर देऊन खाच, अडथळा, ओढ असं सगळं भासवत. शिवाय हा दांडा शिकत असे. चालवणाऱ्याचा हात कुठे अडखळतो, कुठे घाई करतो हे तो हेरायचा आणि पुढच्या वेळी तिथे तेवढंच नमतं घ्यायचा. बाजारात येण्याआधीच या दांड्याचा बोलबाला झाला होता.

मुजावरांच्या विभागात एक कडक नियम होता आणि तो नियम कुठल्या ग्रंथातून नव्हे, कौमुदीच्या वडिलांकडून आलेला. आप्पा इंगवले आयुष्यभर एसटी चालवत होते. गाडी एका हातात राहिली पाहिजे, दुसऱ्याच्या हातात गेली की बिघडते, यावर त्यांची श्रद्धा होती. कौमुदीने हे एकदा सहज सांगितलं आणि मुजावरांनी ते उचलून धरलं. शिकणाऱ्या दांड्याला दोन गुरू नकोत, हे त्यांनाही पटलं. तेव्हापासून प्रत्येक चाचणी-गाडीला एकच चालक असे आणि ‘शार्दूल’ला कौमुदीशिवाय कुणी हात लावत नसे. त्यामुळे तिसऱ्या गिअरची थरथर तिच्याखेरीज कुणाला कळायची सोयच नव्हती.

दांड्याच्या नोंदी एरवी कुणी उघडत नसे, तिने त्या गुपचूप पाहिल्या होत्या. यंत्राने तिथे स्वच्छ निदान करून ठेवलं होतं: हस्तजन्य कंप. म्हणजे हलतो तो हात, दांडा नव्हे.

कौमुदीला या निदानाचं आश्चर्य वाटलं नाही. ती अनेक वर्षं याची वाटच पाहत होती म्हणा ना. आप्पांचा हात थरथरायला लागला तो साधारण तिच्याच वयात आणि गिअरच्या दांड्यावरच. हात नुसता मांडीवर असला की स्वस्थ. काही धरायला गेला की हलायचा. घाटात एके दिवशी त्यांना तिसरा गिअर पडेना. त्यांनी गाडी दुसऱ्यावरच हळूहळू खाली आणली, डेपोत लावली, किल्ली दिली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंप घराण्यात उतरतो. मुलांपैकी निम्म्यांना होऊ शकतो. आप्पांना मूल एकच होतं. तिने स्वतःची समजूत घातली होती की नाणं पडायचं तेव्हा पडेल.

आता ते पडलं असं तिला वाटत होतं. कँटीनमध्ये चहाचा कप बशीवर किणकिणायला लागला, तेव्हा तिने कप दोन्ही हातांनी धरायची सवय लावून घेतली. चालकांची वार्षिक वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. त्यात हात हलला की परवाना गेला, परवाना गेला की काम गेलं. पण रात्री झोप उडवायला काम हे कारण पुरेसं नव्हतं. जेवताना आप्पांचा चमचा ताटावर आपटायचा आणि तिच्या मनात यायचं की हे असं होणार आपलं.

मध्ये खंडेनवमी आली. विभागात यंत्रं पुसून मांडली, पाने-पकडी ओळीत लावल्या, ‘शार्दूल’ला झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून धावपट्टी बंद. आधीचे शनिवार-रविवार आणि साफसफाईचा सोमवार धरून ती तीन दिवस बंदच होती; पुढे दसरा. पूजेत दांड्याला कुंकू लावायचा मान चालकाचा. सगळा विभाग भोवती उभा, करंगळीइतकी जागा आणि तिथे बोट टेकवायचं!  कौमुदीने श्वास रोखून हात पुढे केला आणि कुंकवाचा गोल टिळा मधोमध उमटला. बोट जराही हललं नाही. देवीने लाज राखली, असं ती मनात म्हणाली आणि विषय तिथेच सोडला.

सुट्टी संपून गाडी पुन्हा धावायला लागली आणि आठवडा सरायच्या आत कप पुन्हा किणकिणला.

मग तिने धीर केला. दुपारच्या फेरीनंतर ती मुजावरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

“मुजावर सर, ‘शार्दूल’ला दुसरा चालक बघा.”

मुजावर मिरजेचे. एरवी बोलायला लागले की थांबवावं लागे. आज त्यांनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. कौमुदीने सगळं सांगितलं. तिसरा गिअर, कप, आप्पा, नोंदीतलं निदान. 

“हे सुरू कधी झालं?” मुजावरांनी विचारलं.

“गणपतीच्या सुमाराला.”

“आणि खंडेनवमीला हात कसा होता? कुंकू तुम्हीच लावलंत. मी शेजारी ताम्हण धरून उभा होतो.”

“चांगला होता. पण त्याचं काय? आप्पांचंही सुरुवातीला असंच. चार दिवस बरे, चार दिवस वाईट.”

मुजावर उठले, खोलीत एक फेरी मारून परत बसले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा.

“मॅडम, गणपतीच्या आधी मी दांड्याची नवी आवृत्ती घातली होती. तुम्हाला सांगितलं नाही, चकित करायचं होतं. जुना दांडा सावकाश शिकायचा. मी सगळ्या चालकांचे हात तपासले आणि सगळ्यात लवकर शिकणारा जो हात, त्याच्या वेगाने दांडा शिकेल असं केलं. तो हात तुमचा. म्हणजे आता दांडा आणि तुमचा हात दोघेही एकाच वेगाने शिकतायत.”

“चांगलंच की.”

“मलाही तेच वाटलं होतं!” ते म्हणाले. “आता ऐका. अरुंद बोळात दोन सभ्य माणसं समोरासमोर येतात. तुम्ही डावीकडे सरकता, त्याच क्षणी तोही त्याच बाजूला सरकतो. दोघे हसता, दोघे दुसऱ्या बाजूला सरकता. परत अडलात. दोघांपैकी एक जण जरा मठ्ठ किंवा जरा हट्टी असता तर तो थांबला असता आणि दुसरा निघून गेला असता. पण दोघेही सारखेच तत्पर, म्हणून नाचत राहता. तुमच्या मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. दांडा पुढे काय करणार याचा तो अंदाज बांधतो आणि हात आधीच जुळवून घेतो. इकडे दांडाही हाताशी जुळवून घेतो. तुम्ही त्याच्यासाठी सरकता, तो तुमच्यासाठी. हाच तो कंप. तो तुमचाही नाही आणि दांड्याचाही नाही. दोघांच्या मधला आहे.”

“मग नोंदीत हात का येतो?”

“कारण दांडा आपणहून कधीच हलत नाही, हाताला उत्तर देतो. म्हणून प्रत्येक वेळी सुरुवात हाताच्या नावावर पडते. भांडणात पहिला कोण बोलला हे विचारलं की नेहमी मोठ्या आवाजाचा माणूस अडकतो ना, तसं.”

कौमुदीला हे फार गोड वाटलं. म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसेना. आजारी माणसाची समजूत घालायला लोक काय काय बोलतात, हे तिने आप्पांच्या बाबतीत पाहिलं होतं.

“बंद करा त्याचं शिकणं,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. आणि मला फेरी मारू द्या.”

मुजावरांनी दांड्याची ‘अनुशिक्षण’ कळ बंद केली. कौमुदी गाडी घेऊन चढाला लागली, क्लच दाबला, तिसरा टाकला. दांडा थरथरला. पुन्हा टाकला, पुन्हा थरथर. तिने गाडी वळवून खाली आणली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिली.

मुजावर धावतच आले. “अहो, जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन हलतेच की! तुमचा हात ते शिकून बसलाय, उतरायला दिवस लागतील. सुट्टीत उतरलं होतं तसं.”

“किंवा आजार चार दिवस बरा होईल आणि पाचव्या दिवशी परत येईल. सर, काहीही घडलं तरी तुमचंही खरं ठरतंय आणि आजाराचंही. मला तपासणीच्या आधी कळलं पाहिजे. नाही, तपासणीचं सोडा. मला कळलंच पाहिजे.”

मुजावर बॉनेटला टेकले. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या वडिलांचा कंप, त्याची लय ठरलेली असते का?”

“घड्याळासारखी. चमच्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन.”

“म्हणजे त्यांचा लहान मेंदू तीच चूक त्याच लयीत परत परत करतो. तो शिकत नाही. आता असा हात या दांड्यावर ठेवला तर? शिकणारा एकटा दांडा. बोळात एक माणूस हट्टी. दांडा ती लय पाठ करेल आणि बरोबर तेवढाच उलटा जोर देईल.” त्यांनाच पुढचं वाक्य उच्चारायला भीती वाटत असावी. “मॅडम, कंप थांबेल. ज्याचा हात खरंच आजारी आहे, त्याचा या दांड्यावर थांबेल. ज्याचा निरोगी आहे, त्याचा इथे सुरू होईल. तुमचा आणि त्यांचा आजार एकच असेल, तर दांडा दोघांशी सारखाच वागेल.”

“एका गाडीला दुसरा हात?” कौमुदीने विचारलं.

“नियम चुकला आपला. पहिल्याच दिवशी दुसरा कुणी बसला असता, तर थरथर कुठे आहे हे तेव्हाच कळलं असतं.”

कौमुदीला नियमाची काळजी नव्हती. आप्पांना बोलवायचं म्हणजे आधी त्यांना सांगावं लागणार होतं, याची होती. जे पोरीला आपल्यामुळे होऊ नये म्हणून म्हातारा देवापुढे हात जोडायचा, ते झालंय असं त्याला सांगायचं. तिने जेवण होईपर्यंत धीर धरला. मग ताटं उचलता उचलता, आप्पांकडे न बघता सांगून टाकलं.

 आप्पा म्हणाले, “कौमू, गणपतीपासनं तू कप दोन्ही हातांनी धरतीस. मी तेवढं बघत न्हाई व्हय?”

“मग बोलला का नाही?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. आणि बोलून काय सांगणार हुतो? माझ्याकडनंच आलंय तर माफी मागणार हुतो व्हय तुझी?” त्यांनी हात पदराआड लपवावा तसा धोतराच्या घडीत सारला. “चल. कुठं बसायचं ते सांग. पण गाडी मी चालवणार न्हाई. सोडलीया ती मी.”

“चालवायची नाही, आप्पा. नुसता गिअर टाकायचा. गाडी उभीच असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून ‘शार्दूल’मध्ये बसले. इतक्या खोलगट आसनात बसायची त्यांना सवय नव्हती; पाय लांब करावे लागले म्हणून त्यांनी नापसंती दाखवली. दांड्याची मूठ मात्र निरखून पाहिली आणि म्हणाले, “एवढीशी? आमची नारळाएवढी हुती.”

कौमुदी शेजारी बसली. मुजावर खिडकीपाशी हातात नोंदींचा छोटा पडदा घेऊन उभे राहिले. त्यांनी अनुशिक्षणाची कळ चालू केली.

आप्पांनी क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला, आणि हात त्याच्या जुन्या लयीत थरथरायला लागला. त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याकडे नेताना दांडा खडखडला. त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला. “बघ, हेच. घाटात अगदी हेच.”

“परत टाका, आप्पा.”

त्यांनी परत टाकला. आणि परत.  कौमुदी दांड्याकडे बघत नव्हती, ती आप्पांच्या मनगटाकडे बघत होती. मनगटावरची शीर आधी टपटप उडत होती, मग अधूनमधून, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती उडत नाहीये. आप्पांनी दुसऱ्यातून तिसरा टाकला. दांडा सरळ गेला आणि खट् करून बसला.

आप्पांचा हात मुठीवर स्थिर होता. दगडासारखा.

“पडला,” ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, “पडला की गं!”

त्यांनी चौथा टाकला, पाचवा टाकला, खाली उतरवत आणला, परत चढवला. गाडी जागच्या जागी उभी होती आणि म्हातारा मनातल्या मनात सगळा घाट चढत होता. एका वळणावर त्यांनी सवयीने उजवा हात हॉर्नवरही मारला. धावपट्टीवरची कुत्री उठून उभी राहिली.

“आता तुम्ही,” मुजावर कौमुदीला म्हणाले.

आप्पा उतरायला तयार नव्हते. त्यांना जवळजवळ ओढून काढावं लागलं. कौमुदी बसली, क्लच दाबला, दुसऱ्यातून तिसरा टाकला. थोडा वेळ दांडा आप्पांच्या हाताची सवय धरून अडखळला, ती सुटली, आणि मग सुरू झाली तीच ओळखीची, बारीक, दुष्ट थरथर.

“थरथरतोय!” ती किंचाळली. “सर, थरथरतोय! आप्पा, थरथरतोय बघा!”

गिअर थरथरला म्हणून इतका आनंद झालेली बाई त्या धावपट्टीने आजवर पाहिली नव्हती. ती हसत होती, रडत होती आणि तिसरा गिअर पुन्हा पुन्हा टाकत होती, जणू थरथर थांबली तर निदान बदलेल. मुजावरांनी खिशातून रुमाल काढला आणि तिला द्यायच्या आधी स्वतःचेच डोळे पुसले.

“आजारी हाताला शांत करतो, निरोगी हाताला हलवतो,” ते म्हणाले. “आणि मी याला उत्तम दांडा म्हणत होतो. काय करू आता याचं?”

उत्तर आप्पांनी दिलं. ते बाहेर उभे राहून गाडीच्या चाकाकडे बघत होते. “आमचा दांडा असला लाडावलेला नव्हता, साहेब. त्यो कुणाचं ऐकायचा न्हाई. नवीन पोरगं बसलं की त्याचा हात सोलून काढायचा. मग पोरगं शिकायचं. दांड्यानं कशाला शिकायचं?”

मुजावर हसले, मग हसता हसता थांबले आणि पडद्यावर काहीतरी खरडू लागले. पुढचे काही आठवडे त्यांनी तेच केलं. दांडा हट्टी केला. पहिल्या काही फेऱ्यांत हाताची ताकद आणि लांबी ओळखायची, तेवढंच. त्यानंतर काही झालं तरी बदलायचं नाही. तोवर कौमुदीच्या हातातली शिकलेली थरथर उतरली, तपासणीत डॉक्टरांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही, आणि नव्या दांड्यावर पहिल्यांदा तिसरा टाकल्यावर तिने कानातल्या यंत्रात “छान” म्हटलं ते या वेळी खरं होतं. दांडा जराही नमला नाही. तिला कळलं की तिच्या हातालाच त्याच्याकडे जायचंय, आणि हात गेला. इतकी सुंदर खाच तिने आजवर चाखली नव्हती.

शिकणारा जुना दांडा मुजावरांनी फेकला नाही. त्याच्या मोटरी चमच्याच्या मुठीत बसतील का, याच्या मागे ते आता लागले होते. काम वेळ खाणार होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, चाचणी संपल्यावर, कँटीनचा माणूस तिघांसाठी चहा घेऊन धावपट्टीवर आला होता. आप्पांनी सवयीने मान हलवली. चारचौघांत ते चहा घेत नसत.

“घ्या, आप्पा.”

“नको. सदरा इस्त्रीचा हाय.”

त्यांचा हात दांड्यावरून निघाला होता आणि पुन्हा आपल्या लयीत हलायला लागला होता. दांड्याने दिलेलं दांड्यापाशीच राहिलं होतं. कौमुदीने त्या हाताकडे पाहिलं. कितीतरी वर्षं तिने तो धरला नव्हता. औषध द्यायला, रस्ता ओलांडायला ती त्यांचा दंड धरायची, हात नव्हे. हाताला हात लावला की तो कंप आपल्यात शिरेल, अशी खुळी भीती तिला वाटायची. ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

मुजावरांनी काल काय म्हटलं होतं ते तिला आठवलं. एक हट्टी लय आणि एक शिकणारा. सगळ्यात लवकर शिकणारा हात कुणाचा?

तिने चहाचा ग्लास उचलून आप्पांच्या हातात दिला आणि त्यांच्या मुठीवर आपली मूठ घट्ट मिटली. ग्लास दोघांच्या हातात हिंदकळला. थोडा चहा तिच्या बोटांवर सांडला, पोळला, पण तिने सोडला नाही. आप्पा हात ओढून घ्यायला लागले.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “शिकू द्या.”

ती लय तिला पाठच होती, रोज जेवताना ऐकलेली. तिचा हात आधी त्या लयीबरोबर हलला, मग तिच्या जरा पुढे गेला, आणि मग कधी विरुद्ध झाला ते तिला कळलं नाही. चहाचा पृष्ठभाग डुचमळत होता तो मंदावला. मग त्यात आकाश दिसायला लागलं, मग वरून जाणारा ढग.

आप्पांनी ग्लास ओठांना लावला आणि चारचौघांच्या देखत सगळा चहा प्यायले.

“साखर कमी हाय,” ते म्हणाले. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.